खोकल्याची वाट पाहणारा बंदोबस्त

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनास आलेले हजारो यात्रेकरू तेथेच अडकून पडले. महिनाभराने, एप्रिलच्या अखेरीस, बसगाड्यांतून त्यांची पंजाबात रवानगी झाली. निघताना त्यांच्यात ताप-खोकला आढळला नव्हता. पंजाबात घशातील स्रावाची तपासणी होताच मात्र शेकडो जण कोरोनाबाधित निघाले. लागण नांदेडात झाली की वाटेत, यावर दोन्ही राज्यांत वाद रंगला. त्या गदारोळात खरा धडा बाजूलाच राहिला. ज्यांना खोकला नव्हता, त्यांच्यापाशीही विषाणू होता.

साथ रोखण्याच्या आपल्या साऱ्या कल्पना दिसणाऱ्या लक्षणांवर उभ्या आहेत. काही रोगांबाबत त्या यथार्थही ठरल्या. देवीचा रोगी अंगावरील पुरळामुळे ओळखू येई. त्याला वेगळे ठेवून आणि भोवतालच्यांना लस टोचून १९७५ मध्ये हा रोग भारतातून हद्दपार करता आला. २००३ मधील सार्सचा रुग्ण आजारी पडल्यानंतरच प्रामुख्याने संसर्ग पसरवीत असे. म्हणूनच सुमारे आठ हजार जणांना ग्रासूनही ती साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. कोविडचा स्वभाव निराळा. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच रुग्ण संसर्गजन्य झालेला असतो. गोवरही पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो; त्या वेळी तो केवळ सर्दी-खोकला भासतो.

याचा अर्थ खोकला निरुपद्रवी आहे, असा नव्हे. खोकला आणि शिंक यांतून विषाणूयुक्त तुषार जोराने बाहेर पडतात. परंतु बोलण्यातून, किंबहुना साध्या श्वासातूनही सूक्ष्म कण निघतात. आवाज चढला की त्यांची संख्या वाढते आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. तासन्‌तास मोठ्याने शिकविणारा शिक्षक खोकत नसला, तरी वर्गाची हवा निर्धोक असेलच असे नाही.

लातूरला हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतून विद्यार्थी येथे येतात, शिकवणीच्या गच्च भरलेल्या वर्गांत बसतात आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत तिघे-चौघे राहतात. एक दिवस बुडाला तर मागे पडू, या धास्तीने घसा धरलेला मुलगाही वर्गात येतो. रजा कापली जाईल म्हणून कारकून नाक पुशीत टेबलाशी बसतो. या दोघांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. वस्तुतः घरी राहण्याची शिक्षा त्यांनाच भोगावी लागते.

प्रत्येक सर्दीसाठी शाळा आणि कचेऱ्या बंद ठेवता येणार नाहीत, हे खरे. पण घसा खवखवू लागताच घरी राहणाऱ्याची हजेरी वा पगार कापू नये, बुडालेला पाठ पुन्हा मिळावा, येणे अटळ असेल त्याने तोंडावर पट्टी बांधावी, इतके ठरविणे कठीण नाही. आणि हा नियम लक्षणे दिसल्यानंतरचा असल्याने तो पुरेसा नाही. त्याच्या जोडीला वर्गांच्या खिडक्या बारा महिने उघड्या हव्यात आणि लसीकरण वेळेवर व्हावयास हवे. प्रवेशद्वारावर तापमापक रोखून धरला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणारा बंदोबस्त साथ आत शिरून गेल्यावर दार लावून घेत असतो.