एका संगणकावर दोन फायरफॉक्स

संगणक कक्षात ब्राउझरची एकच, अगदी ताजी आवृत्ती ठेवावी, दोन-दोन ठेवून मुलांना गोंधळात टाकू नये, असे काही पालकांनी सुचविले आहे. त्यांची काळजी खरी आहे, पण सूचना आम्हांस पटत नाही.

आपल्या कक्षात लिनक्सची डेबियन प्रणाली आहे. तिच्यासोबत फायरफॉक्सची 'ईएसआर' ही आवृत्ती येते. २०१२ साली मोझिलाने ही शाखा शाळा-कचेऱ्यांचा विचार करूनच सुरू केली. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात, पण चेहरामोहरा साधारण वर्षभर बदलत नाही. नेहमीची आवृत्ती मात्र दर चार आठवड्यांनी नवी. वर्गात शिकवताना बटण जागेवर नसले की अर्धा तास गेलाच! म्हणून कोणतीही लिंक उघडली की ईएसआरच उघडावी, अशी व्यवस्था 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' या आज्ञेने केली आहे. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, तिचे चिन्हही वेगळे.

मुले घाबरतात ती भलत्याच ठिकाणी. "सर, माझे सगळे बुकमार्क पुसले गेले!" पुसलेले काही नसते. २०१९ च्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक स्थापनेला स्वतंत्र प्रोफाइल देतो. दोन बिऱ्हाडे, दोन कपाटे. एका कपाटातले सामान दुसऱ्यात दिसणार कसे? शिवाय नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनीने उघडू पाहिले, तर ती अडवते आणि नवे प्रोफाइल करा म्हणते. ही अडवणूक माहिती खराब होऊ नये म्हणून आहे. हे एकदा समजले की आठवीचा मुलगाही न डगमगता इकडून तिकडे जातो. हे शिक्षण आम्हांस तरी एखाद्या धड्याइतकेच मोलाचे वाटते.

परंतु दोन आवृत्त्या म्हणजे वाटेल ती जुनी आवृत्ती नव्हे. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला, तेव्हा एका संकेतस्थळाच्या मदत-क्रमांकावरून आम्हांस कित्येक वर्षांपूर्वीची आवृत्ती टाकण्याचा सल्ला मिळाला. हिंदीत ज्याला जुगाड म्हणतात तो हाच. आम्ही नकार दिला. त्या फॉर्मात मुलाचा आधार क्रमांक असतो, आईच्या बँक खात्याचा तपशील असतो. ज्या ब्राउझरची भोके जगाला ठाऊक आहेत त्यात तो कसा भरावा? फॉर्म दुसऱ्या दिवशी ताज्या आवृत्तीत भरला गेला.

खरी अडचण ३२-बिटच्या जुन्या यंत्रांची आहे. क्रोमने लिनक्सवर त्यांची साथ २०१६ मध्येच सोडली. फायरफॉक्सची १४४वी आवृत्ती (ऑक्टोबर २०२५) त्यांच्यासाठी शेवटची ठरली. १४० क्रमांकाच्या ईएसआरला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे मोझिलाने तेव्हा जाहीर केले होते. दुरुस्त्या थांबल्या की त्या यंत्रांचे इंटरनेट काढून घ्यावे आणि ती मराठी टंकलेखनाच्या सरावाला द्यावीत, असे आमचे मत आहे. यंत्र अजून चालते, मग वापरू द्या, हे म्हणणे येथे लागू पडत नाही. फॉर्म भरण्यासाठी ६४-बिटची निदान दोन यंत्रे आणखी हवीत. व्यवस्थापन समितीने खर्चाचा विचार करताना रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्यावा.