फॉरमॅट मारायच्या आधी

"लॉगिन होत नाही? फॉरमॅट मार!" हे वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं तर मी भांडणार आहे, असं ठरवलंय. सुरुवात आजच करते.

तर झालं असं. पेणला माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. कुठल्या गावाला किती कच्च्या मूर्ती गेल्या, कुणाचा ॲडव्हान्स आला, कुणाचं येणं बाकी, सगळा हिशोब एका जुन्या डेस्कटॉपवर. त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं मीच. "मामा, आता व्हायरसची कटकट संपली बघ," अशी फुशारकीही मारली होती.

जुलैमधल्या एका शुक्रवारी अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं, आणि मग पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी आणि पुन्हा तेच लॉगिनचं पान. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून तरी येतं. इथे काहीच नाही. मामाने दहा-बारा वेळा टाकून पाहिला, मग सीपीयू उचलून रोह्याला, मावसभावाच्या ओळखीतल्या दुकानात. तिथे पाच मिनिटांत निकाल: "सिस्टीम करप्ट झालीय. फॉरमॅट मारावं लागेल. डेटा जाईल."

गणपतीला दीड महिना, आणि म्हणे डेटा जाईल!

"मामा, हात लावू देऊ नकोस त्याला!" मी फोनवर ओरडले. शनिवारी पहाटे पुण्याहून निघाले, खोपोलीमार्गे पेण, तिथून ट्रेनने रोहा. (कासू ते निडी पावसातला एवढा सुंदर पट्टा, पण त्या दिवशी बघतंय कोण.)

दुकानात गेल्यावर लॉगिनच्या पानावरच कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तोच युजर, तोच पासवर्ड आणि झालं की लॉगिन! म्हणजे खातं शाबूत, हिशोबाच्या फायली शाबूत. मग 'डीएफ -एच'. डिस्क १०० टक्के भरलेली. मूर्तींचे फोटो, व्हिडिओ, वर जुने कर्नल साठलेले. आता गंमत बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. अपडेट रूट म्हणून चालतं, त्यामुळे ते आरामात पूर्ण झालं. मामा साधा युजर. डेस्कटॉप सुरू होताना त्याच्या नावाने दोन-चार बारीक फायली लिहाव्या लागतात, आणि त्याला जागाच नाही. सेशन मरतं, पुन्हा लॉगिन. 'सुडो ॲप्ट क्लीन', 'ऑटोरिमूव्ह', फोटो पेन ड्राइव्हवर. वीस मिनिटं.

नेहमीची इतर कारणंही अशीच किरकोळ असतात. घरातली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल चुकून रूटच्या मालकीची होते. किंवा नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर तयारच झालेला नसतो. मग ग्रबमधून जुना कर्नल निवडा, गाडी चालू. यातल्या एकालाही फॉरमॅट लागत नाही.

"म्हणूनच लिनक्स नको," असं म्हणणारे हात वर झालेच असतील. ऑगस्ट २००६ मध्ये उबुंटू ६.०६ च्या एका अपडेटने अनेकांचा डेस्कटॉपच बंद पाडला होता, कबूल. पण १९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी केली. तिथेही उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणं. फॉरमॅट नव्हे.

माझा राग दुकानदारापेक्षा डेस्कटॉप बनवणाऱ्यांवर जास्त आहे. 'डिस्क भरली आहे' हे तीन शब्द लॉगिनच्या पानावर लिहायला काय जातं? कारण लॉगमध्ये असतं, 'जर्नलसीटीएल -बी' केलं की दिसतं. पण मूर्तिकाराने ते का शिकावं?

आणि उरलेला राग माझ्यावर. नातेवाइकांच्या घरी लिनक्स टाकायचं, टाळ्या घ्यायच्या आणि पुण्याला निघून यायचं. बॅकअप? नव्हता. आता रोज रात्री हिशोबाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि एफ३ पासूनच्या पायऱ्या मराठीत लिहून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवल्यात.

निघताना दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, ते काळ्या स्क्रीनचं परत दाखवता का?" दाखवलं. त्याने वहीत लिहून घेतलं. तपासणीचे म्हणून शंभर रुपये मामाने त्याला दिलेच.