ट्राउट नको, महाशीर!

दिवाळीला उत्तरेत गळ टाकायला जायचं म्हटलं की आमच्या नांदेड-लातूरच्या समस्त आयटी मंडळींच्या तोंडून दोनच नावं येतात. काश्मीर, नाहीतर हिमाचल. का? तर म्हणे ट्राउट!

पहिला मुद्दा कॅलेंडरचा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. दिवाळी नोव्हेंबरात आली की तिथे जाऊन काय, नदीकाठी मॅगी खाणार? राव, प्रोजेक्ट प्लॅन करताना डिपेंडन्सी बघता ना? मग इथेही बघा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ट्राउट हा तिथला मासाच नाही. १९०० च्या सुमारास साहेबाने स्वतःच्या करमणुकीसाठी विलायतेहून आणून तो काश्मीरच्या ओढ्यांत सोडला. आपण मात्र त्यालाच हिमालयाची शान समजून बसलोय.

"कुठलाही का असेना, मासा तो मासा," असं म्हणणाऱ्यांना घरचंच उदाहरण देतो. दख्खनचा महाशीर (टॉर खुद्री) १८३९ साली कर्नल साईक्सने पुण्याकडच्या नद्यांमधून जगापुढे आणला. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तळ्यांवर त्याची पैदास झाली, पिल्लं कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण आपला महाशीर तिथे फोफावला आणि कावेरीचा मूळचा, कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली तो लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. म्हणजे चुकीच्या नदीत सोडलेला चांगला मासासुद्धा घात करतो.

म्हणून माझं मत साधं आहे. जिथला मासा तिथेच जाऊन बघा. उत्तरेतला तो मासा म्हणजे सोनेरी महाशीर, आणि जागा म्हणजे कुमाऊं. पंचेश्वरला सरयू आणि महाकालीचा संगम आहे. पावसाळा ओसरून पाणी निवळलं की उपनद्यांत वर चढलेला महाशीर परत खाली येतो. नेमकी आपली दिवाळी! सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे टनकपूर, लोहाघाट. परवाना काढायचा, गळाचं उलटं टोक पक्कडीने दाबून सपाट करायचं, आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्यायचा.

"सोडायचाच तर पकडायचा कशाला?" अहो, हा मासाही संकटग्रस्त आहे. खायचाच असेल तर आपल्या बाजारातली मरळ घ्या, चार पैसे आपल्या भोयांना मिळतील.

आता खरा प्रश्न. पंचेश्वरला तीनशे मीटरहून उंच धरणाची योजना आहे. १९९६ च्या भारत-नेपाळ महाकाली करारापासून ती कागदावर आहे. एक लातूरकर मित्र म्हणतो, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आपण प्यालो. धरणाला नावं ठेवायचा हक्क आपल्याला आहे का?"

आहे. कोरड्या मांजरा धरणाचा तळ ज्यांनी पाहिलाय त्यांना धरणाची किंमत कुणी शिकवू नये. पण म्हणूनच हिशोब पूर्ण मांडा म्हणण्याचा हक्कही त्यांनाच जास्त आहे. वीज लिहा, सिंचन लिहा, बुडणारी गावं लिहा आणि मासाही लिहा. महाशीराची वर चढायची वाट अडली की अंडी घालायच्या जागा तुटतात. आज त्या रकान्यात शून्य आहे. तिथल्या घरात राहून, तिथल्याच वाटाड्याला मजुरी देऊन आपण गेलो, तर जिवंत माशापुढे निदान एक आकडा तरी पडेल.

काश्मीरचे फोटो छान येतात, मान्य. पण ट्राउटला तुमची गरज नाही, महाशीराला आहे.

तेव्हा मंडळी, तिकीट काढायच्या आधी एवढा विचार करा. बाकी तुमची मर्जी!