कानामागचं अवधाण

भाच्याच्या लग्नाला आठवडा झाला होता. न्हाव्याकडे बसलो होतो. वस्तरा मानेवरून कानाकडे आला आणि थबकला. "काका, इथं गाठ आहे. दुखती का?"

तोवर दुखत नव्हती. त्या क्षणापासून दुखायला लागली.

वाटाण्याएवढी, उजव्या कानामागं, बोटाखाली सरकणारी. दिवसभर हात तिथंच. रात्री दिवा मालवल्यावर तर बोटांना दुसरा उद्योगच नसे. तिसऱ्या रात्री डाव्या कानामागंही टणक काहीतरी लागलं आणि मी विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते आठवू लागलो.

डॉक्टरांनी आधी डावी बाजू चाचपली. "हे तुमचं हाड. लहानपणापासून आहे, सगळ्यांना असतं." उजवीकडची गाठ मात्र दोन बोटांत धरून फिरवून पाहिली. संध्याकाळी बारीक ताप येतो? वजन घटलंय? रात्री घाम? (आपल्याकडे गाठ म्हटली की क्षयाची चौकशी करावीच लागते.) मग मान, बगला, कानात बॅटरी. आणि एकदम, "केस कधी रंगवलेत?"

लग्नासाठीच की! रंग लावल्यावर दोन दिवस डोकं असं खाजलं होतं, की मी कंगव्याच्या दातांनी उकरलं होतं. केस बाजूला सारले तर खपल्या, एक जागा चांगलीच चिघळलेली. डॉक्टर म्हणाले, कानामागच्या लसिकाग्रंथी डोक्याच्या कातडीची राखण करतात. उवा, फोड, चिघळलेला कोंडा, वर काही बिनसलं की खाली त्या फुगतात.

आई याला अवधाण म्हणायची. पायात काटा मोडून चिघळला की जांघेत गोळा यायचा. आई गोळ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाय मांडीवर ओढून काटा शोधत बसायची.

सगळ्याच गाठी अशा भोळ्या नसतात, हेही डॉक्टरांनी बजावलं. कातडीलाच चिकटलेली, मधोमध काळा ठिपका असलेली गाठ बऱ्याचदा कातडीखाली साचलेल्या मळाची पिशवी असते. ती घरी पिळायची नाही. टणक, न हलणारी, वाढत जाणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न बसणारी असेल, तर दाखवायचीच. मग सुई घालून तपासतात. आणि कान फुटलेल्या पोराच्या कानामागं लाल सूज येऊन कानच पुढं ढकलला गेला, तर तेलाचा बोळा नाही, त्याच दिवशी दवाखाना. पू हाडात उतरलेला असू शकतो.

माझी गाठ महिन्याभरात मुगाएवढी झाली, मग सापडेनाशी. रंगाचा पुडा घरी येऊन वाचला. आधी जराशा कातडीवर लावून ४८ तास थांबा, असं त्यावर मुंगीच्या अक्षरात छापलं होतं. पुडा टाकून दिला. त्यातल्या ब्रशनं बायको आता शेगडीचे बर्नर घासते.