राशी जुळल्या, रक्ताचे काय?



1989 साली दूरदर्शनवर 'मिस्टर योगी' नावाची एक हिंदी विनोदी मालिका नव्याने आली होती. आमच्या वयाच्या वाचकांना ती आठवत असेल, तरुणांना मात्र सांगावी लागेल. अमेरिकेत राहणारा योगेश पटेल नावाचा गुजराती तरुण लग्नासाठी मायदेशी येतो. दिवस थोडे आणि स्थळे पुष्कळ. तेव्हा हा पठ्ठ्या ठरवतो, की बारा राशींच्या बारा मुली पाहायच्या, एकेका राशीची एकेक. म्हणजे आपल्या नशिबात कोण आहे ते आपोआप कळेल! मधु राय यांच्या 'किम्बॉल रेवन्सवूड' या गुजराती कादंबरीवरून केतन मेहता यांनी ही मालिका केली. योगी झाला होता आपला मराठी नट मोहन गोखले, आणि मधूनमधून येऊन त्याची फिरकी घेणारा सूत्रधार होता ओम पुरी. हेच मोहन गोखले पुढे डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात गांधीजी झाले. तो चित्रपट 2000 साली लोकांपुढे आला, पण त्याआधीच, 1999 मध्ये, गोखले गेले.

उत्तर नागपुरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या दारात अर्धी गल्ली बसायची. योगीची फजिती पाहून पुरुषमंडळी पोट धरून हसायची. बायांचे हसणे निराळे होते. एका आजीबाईंनी पहिल्याच भागाला विचारले, "बारा पोट्ट्या पाहून राह्यला, वांगे घ्याले आला का बजारात?" दुसरी म्हणाली, "बारा घरी चहा-पोहे झाले, त्याचा खर्च कोन देते वो?" आमच्या मते त्या मालिकेची याहून चांगली समीक्षा कोण्या वर्तमानपत्रातही झाली नसेल.

पण एक गंमत आम्ही तेव्हाच पाहिली. मालिका राशीच्या वेडाला हसत होती, आणि दुसऱ्या दिवशी नळावर पोरी एकमेकींना विचारत होत्या, "तुही रास कोनती?" ज्यांच्या घरात जन्मपत्रिका कधी शिरली नाही त्यांनाही आपली रास हवीशी वाटू लागली. आता पत्रिका नसेल तर रास कशी काढायची? नावाच्या पहिल्या अक्षरावरून. कोणीतरी पंचांगातला तक्ता पाहून आले. त्यात 'सा, सी, सू' आणि 'गो' ही अक्षरे कुंभ राशीची. झाले! सिद्धार्थ कुंभ, सुजाता कुंभ, संघमित्रा कुंभ, गौतमही कुंभ. आपल्या वस्तीत ही नावे दर तिसऱ्या घरात. म्हणजे बाबासाहेबांच्या मागे येऊन आम्ही पोरांची नावे बदलली, आणि पंचांगाने सगळ्यांना एका घागरीत कोंबले. यशोधरा तेवढी वृश्चिकेत गेली.

केतन मेहता, ओम पुरी आणि मोहन गोखले हे तिघे त्याआधी 1980 च्या 'भवनी भवाई' या गुजराती चित्रपटात एकत्र आले होते. तोही हसवणारा, पण डोळ्यांत पाणी आणणारा. धाकट्या राणीच्या कारस्थानात सामील झालेला ज्योतिषी राजाला सांगतो, की नवजात राजपुत्राचे तोंड पाहशील तर घात होईल. पोर पाण्यात सोडले जाते आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या घरी वाढते. गळ्यात गाडगे आणि मागे झाडू बांधून चालणाऱ्या त्या लोकांचे नशीब कोणी लिहिले, हे त्या चित्रपटात लपून राहत नाही. 'मिस्टर योगी' पाहताना हसलेल्यांपैकी किती जणांनी 'भवनी भवाई' पाहिला असेल? आपल्या वस्तीत तरी फार थोड्यांनी.

2009 मध्ये आशुतोष गोवारीकर यांनी त्याच कादंबरीवरून 'व्हॉट्स युअर राशी?' काढला. बाराही मुली एकट्या प्रियांका चोप्राने केल्या. सिनेमा साडेतीन तासांचा, आणि तो चालला नाही. आमच्या घरातली मंडळी मध्यंतरानंतर पेंगायला लागली. मुली मोजता मोजता झोप लागली म्हणाली.

आज ही जुनी गोष्ट उकरण्याचे कारण एका लग्नाचे आहे. आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, नर्सिंग झालेली. वडील मिल बंद झाल्यापासून ऑटो चालवतात. स्थळ आले तेही आपल्याच समाजातले. मुलाच्या घरी भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, लग्न विहारातच करायचे, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, सगळे रीतसर. कुंकवाच्या कार्यक्रमाऐवजी साधा चहा झाला. निघताना मुलाचे मामा मुलीच्या आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, पोरीची जन्मवेळ तेवढी सांगून ठेवा. आमचं काही नाही, घरात म्हाताऱ्या बायका आहेत."

म्हाताऱ्या बायका नेहमी कामी येतात. खरे तर त्याच घरातल्या म्हाताऱ्या बाईने 1956 मध्ये आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमी पाहिली आहे, आणि तिने जन्मवेळेचा ज देखील काढला नव्हता!

नक्खत्त जातकात अशीच एक कथा आहे. शहरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरला. ऐनवेळी त्यांनी आपल्या गुरूला विचारले, आज नक्षत्र बरे आहे ना? दिवस ठरवताना मला विचारले नाही, हा राग गुरूच्या मनात. तो म्हणाला, आज लग्न केले तर सत्यानाश. वरात गेलीच नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले नवरी न्यायला हजर! भांडण जुंपले. तेव्हा एका शहाण्या माणसाने त्यांना विचारले, की बाबांनो, मुलगी मिळणे हेच तुमचे नक्षत्र होते, आकाशातले तारे यात काय करणार?

कोणाला जातककथा जुनी वाटत असेल तर 2008 ची पुण्याची चाचणी घ्या. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि विचारले, यातली कोणती कोणाची? 27 जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर 50 आली असती.

आता त्या मुलीचे ऐका. नर्स आहे ती. तिने मामांना सरळ निरोप धाडला, "जन्मवेळ देतो. तुमच्या मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट द्या."

मामांना राग आला. आम्हाला मात्र वाटले, की विदर्भातल्या प्रत्येक मुलीने हेच विचारावे. सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्याकडे आदिवासी बांधवांत आहे, इतर समाजांतही आहे, आणि आपल्या समाजातही आहे. नागपूरकडे त्याची नोंद 1950 च्या दशकातच झाली. एक दोष आईकडून आणि एक बापाकडून आला तर मूल आजारी होते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नळ्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. लेकरू रात्रभर रडते, आणि घरची माणसे बाहेरचे काही लागले म्हणून अंगारा शोधत फिरतात. एकच दोष असलेला माणूस 'एएस', म्हणजे वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, ऑटो चालवतो, नर्सिंग करतो, त्याला माहीतही नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल धड निघाले म्हणून पुढच्याची शक्यता कमी होत नाही. एक वाहक आणि दुसरा निर्दोष 'एए' असेल तर मुलाला हा आजार होत नाही, फार तर मूल वाहक होते.

म्हणून आमची एक विनंती आहे. 'एएस' रिपोर्टचा नवा मंगळ करू नका. वाहक मुलीला नाकारून तिच्या बापाला रडवू नका. प्रश्न दोघांच्याही रक्तात हा दोष असेल तेव्हाच येतो, आणि तेव्हाही डॉक्टरांशी बोलून, गर्भाच्या तपासणीची माहिती घेऊन दोघांनी मिळून ठरवायचे. तपासणी सरकारी दवाखान्यांत होते, थेंबभर रक्त लागते. 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यातही तपासणीवरच भर आहे. मुला-मुलींची तपासणी दहावी-बारावीतच करून कागद जपून ठेवला, तर लग्नाच्या बोलणीत कोणाला अपमान वाटायचे कारण नाही.

मुलाकडचा रिपोर्ट हे लिहीपर्यंत आलेला नाही. मामा गप्प आहेत. पण मुलाने स्वतः फोन करून मुलीला विचारले म्हणे, की तपासणी उपाशीपोटी करायची असते काय? नाही, असे तिने सांगितले आहे.

आईने मात्र शब्द पाळला. जन्मवेळ कळवून टाकली: "घड्याळ नव्हतं जी आमच्याकडे. नळ नुकताच आला होता, एवढं याद आहे."