शिळा मित्र आणि तपासणारा मित्र



परवा सातवीच्या एका वहीत उत्तर सापडलं: स्टेलमेट म्हणजे 'शिळा मित्र'. स्टेल म्हणजे शिळं आणि मेट क्लासमेटमधला. चेकमेट अर्थातच 'तपासणारा मित्र'. मी लाल फुली मारून पुढं गेलो. घरी आल्यावर वाटलं, पोराचं डोकं चाललंय की! चुकलो आपणच. चेक म्हणजे तपासणे, चेकमेट म्हणजे शहमात, स्टेलमेट म्हणजे बरोबरी, एवढी यादी देऊन आपण मोकळे होतो.

शहापूर-मुरबाडकडच्या ज्या पोरांना बुद्धिबळ येतं, त्यांना शह आणि मात ठाऊकच असतात. इंग्रजी शब्द त्याच घरचे आहेत. फारसीत शाह म्हणजे राजा. तो फिरत फिरत इंग्रजीत चेक झाला आणि 'शाह मात'चा चेकमेट. त्यातल्या मेटचं मित्राशी नातं नाही. राजा हतबल झाला, एवढाच अर्थ. शह बसला की आपली चाल सोडून आधी राजाकडे बघावं लागतं, त्यातूनच अडवणे, तपासणे हे अर्थ निघाले. चेक्सचा शर्टसुद्धा बुद्धिबळाच्या पटावरूनच आला. हे सांगताना मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग शहापूरमधला शहा?" पुढचा तास तिथंच गेला, जाऊ दे.

पण अर्थ पक्का होतो तो पटावर. म्हशाच्या जत्रेतला प्लास्टिकचा पट चालतो, फरशीवर खडूने आखलेलाही चालतो. काळा राजा एच ८ वर, पांढरा राजा एफ ६ वर, खेळी काळ्याची. पांढरा वजीर एफ ८ वर ठेवा: चेक, पण राजा एच ७ वर निसटतो. वजीर जी ७ वर ठेवा: चेकमेट. आता एफ ७ वर ठेवा. शह नाही, पण हलायला एकही घर नाही. हा स्टेलमेट, दोघांना अर्धा अर्धा गुण.

नुसतं 'बरोबरी' म्हणणं मला पटत नाही. दोघांनी राजीखुशीने डाव सोडला तरी बरोबरीच होते. मी 'कोंडी' म्हणतो. फक्त एक सांगावं लागतं, एरवी कोंडीत सापडलेला हरतो, इथं तो वाचतो. वाटाघाटी अडल्या की इंग्रजी पेपरवाले स्टेलमेट लिहितात, चेकमेट नाही, ते यामुळेच.

त्या वहीतल्या लाल फुलीशेजारी मी नंतर अर्धा गुण लिहिला.