टाचणी हातात घेण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका साखर कारखान्याच्या कार्यालयात रात्री साडेदहाला पोचलो, तेव्हा टेबलावर सात ॲक्सेस पॉइंट ओळीने मांडून ठेवलेले होते. आदल्या रात्री वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली. सकाळी सगळं पुन्हा सुरू झालं, पण चौदांपैकी एकही पॉइंट कंट्रोलरला जोडला जाईना. तिथल्या तरुण इंजिनिअरने दिवसभर शिडी फिरवून सात पॉइंट उतरवले आणि टाचणीने एकेक रीसेट केला. आता ते सात कंट्रोलरच्या यादीतही दिसेनासे झाले होते. छतावर राहिलेले सात मात्र थोड्या थोड्या वेळाने कंट्रोलरला हाक मारत होते आणि दर वेळी नाकारले जात होते.

नाकारण्याचं कारण कंट्रोलरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. कंट्रोलर ज्या सर्व्हरवर चालत होता त्याची सीमॉस बॅटरी संपली होती. वीज परत आली तेव्हा त्याचं घड्याळ काही वर्षं मागे गेलं, आणि एनटीपीला फायरवॉलवर वाट नव्हती. म्हणजे कंट्रोलरच्या लेखी ते पॉइंट अजून जन्मलेच नव्हते. तारीख दुरुस्त केल्यावर छतावरचे सातही पॉइंट चहा येईपर्यंत जोडले गेले. टेबलावरच्या सातांनी पहाटेचे चार वाजवले. त्यांच्यात हाताने भरलेला कंट्रोलरचा पत्ता रीसेटबरोबर पुसला गेला होता. कंट्रोलर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, डीएचसीपीत ऑप्शन ४३ कोणी भरलेला नाही, आणि ब्रॉडकास्टची हाक राउटर ओलांडत नाही. मूळ बिघाड एक होता. रीसेटने त्याला दुसरा जोडून दिला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्या धंद्यात हेच शिकवलं जातं. डिव्हाइस नोंदवलं जात नाही? रीसेट कर, पुन्हा जोड. कधी कधी त्याने काम होतंही, आणि सवय पक्की होते. पण रीसेट झालेलं डिव्हाइस आपली साक्ष विसरलेलं असतं: कोणता पत्ता होता, कुणाला हाक मारत होतं, कुठे थांबलं, सगळं गेलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की संभाषण कुठे तुटलं ते कळल्याशिवाय टाचणी हातात घेऊ नका.

हे कळणं वाटतं तितकं अवघड नाही. कॅपवॅपचंच पाहा. २००९ सालच्या आरएफसी ५४१५ मध्ये त्याची रीत ठरली आहे. कंट्रोलरचा शोध उघड्यावर होतो, आणि पुढची जोडणी डीटीएलएसच्या आत, यूडीपी ५२४६ वर. त्यामुळे पॉइंट कंट्रोलरला दिसतो पण जोडला जात नाही, एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं. केबल, व्हीलॅन, डीएचसीपी यांच्या मागे लागायचं कारण उरत नाही. घड्याळ बघा, प्रमाणपत्राची मुदत बघा, आणि वाटेत व्हीपीएन असेल तर एमटीयू बघा. शोधाची छोटी पॅकेट पार होतात, प्रमाणपत्राची मोठी अडकतात. पॉइंट मुळात दिसतच नसेल तर यातलं काहीच न बघता थेट पत्त्यांकडे वळा.

एसएनएमपीची अडचण वेगळी आहे: तो गप्प बसतो. पहिल्या दोन्ही प्रचलित आवृत्त्यांमध्ये, म्हणजे व्ही१ आणि व्ही२सी मध्ये, कम्युनिटी स्ट्रिंग चुकली की डिव्हाइस उत्तरच देत नाही. मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला दिसतो तो टाइमआउट. डिव्हाइस बंद असेल, फायरवॉलवर १६१ अडला असेल, स्विचच्या ॲक्सेस लिस्टमध्ये सर्व्हरचा पत्ता नसेल, तरी पडद्यावर तोच टाइमआउट. पिंग होतंय म्हणून नेटवर्क ठीक, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही, कारण पिंग १६१ वरून जात नाही. दोन-तीन इंटरफेस असलेला राउटर तर आणखी चकवतो. प्रश्न एका पत्त्यावर जातो, उत्तर दुसऱ्यावरून निघतं, आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. डिव्हाइसच्या बाजूने पॅकेट कॅप्चर लावला तरच हे उलगडतं. प्रश्न पोचला का आणि उत्तर निघालं का, एवढंच त्यात पाहायचं.

व्ही३ मात्र बोलतो. नाव ओळखीचं नाही, पासवर्ड जुळत नाही, वेळेची खिडकी चुकली, हे तो वेगवेगळ्या रिपोर्टमधून सांगतो. या खिडकीबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. आरएफसी ३४१४ मधले ते १५० सेकंद भिंतीवरच्या घड्याळाचे नव्हेत. डिव्हाइस किती वेळा सुरू झालं आणि या खेपेला किती सेकंद चालू आहे, यांवर तो हिशेब चालतो. तिथे एनटीपी लावून काही होत नाही. जळलेल्या स्विचच्या जागी नवा बसवून त्याला जुनाच इंजिन आयडी दिला, तर त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सॉफ्टवेअरच्या आठवणीत जुना मोठा आकडा असतो, आणि नव्या स्विचची खरी उत्तरंही ते शिळी समजून फेकून देतं. सॉफ्टवेअरमधली जुनी नोंद काढून टाकली की काम होतं. स्विचला हात लावावा लागत नाही. उलट प्रकार कॉन्फिग कॉपी करताना घडतो. व्ही३ ची किल्ली पासवर्ड आणि इंजिन आयडी मिळून घडते, म्हणून एका स्विचमधून उचललेली तयार किल्ली वेगळ्या आयडीच्या दुसऱ्या स्विचवर लागत नाही.

आणि इथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माझी तक्रार आहे. डिव्हाइस इतकं स्पष्ट सांगत असताना पडद्यावर ‘नोंदणी अयशस्वी’ हे दोनच शब्द का उमटावेत? शिडीवर चढलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि ते प्रोग्रामच्या हातात आलेलं असतं. पुढच्या निविदेत ही अट घालता येईल: नोंदणी फसली तर शेवटचा यशस्वी टप्पा आणि डिव्हाइसचं मूळ उत्तर पडद्यावर दिसलंच पाहिजे. खरेदीवर सही करणाऱ्यांपैकी अनेक जण हे मासिक वाचतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

पुढच्या अंकापासून वाचकांनी सोडवलेल्या अशा बिघाडांसाठी आम्ही दोन पानं राखून ठेवत आहोत. ग्राहकाचं नाव किंवा गाव नको. डिव्हाइसला हात लावण्याआधीचा लॉग, त्या क्षणाची डिव्हाइस आणि सर्व्हर या दोन्हींची वेळ, आणि जमल्यास कॅप्चरमधल्या पहिल्या वीस ओळी पाठवा. पासवर्ड आणि कम्युनिटी स्ट्रिंग तेवढ्या खोडायला विसरू नका; व्ही२सी मध्ये त्या कॅप्चरमध्ये उघड्याच दिसतात.